फोन उचलायचा कुणी

निपाणीतल्या आमच्या घरी टेलिफोनची एक जुनी डिरेक्टरी आहे. तिच्या एका पानाचा कोपरा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दुमडून ठेवलाय. त्या पानावर त्यांचं नाव, आमच्या वस्तीचं नाव आणि नंबर आहे. आजी तंबाखूच्या वखारीत राबली, आप्पा शिकून कारकून झाले, आणि वस्तीतला पहिला फोन आमच्याकडे आला. वस्तीचं नाव वाचलं की जात कळते, म्हणून ओळखीच्या काहींनी दुसराच पत्ता छापून घेतला. आप्पांनी नाही. ते अन्यायाविरुद्ध पत्रकं छापून वाटायचे, आणि प्रत्येक पत्रकाखाली नाव, वस्ती आणि नंबर असायचाच. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर.

यंदा मी पत्रक लिहिलं ते मात्र नंबर न देण्याबद्दल. साधं पेन घेतलं तरी दुकानदार मोबाईल नंबर मागतो, आपण मुकाट्याने सांगतो, आणि पुढे तो कुणाकुणाकडे जातो याचा पत्ता नसतो. मागितला तर ‘कशाला?’ असं विचारा, एवढंच माझं म्हणणं. खाली फक्त नाव आणि वस्ती घातली. मागच्या पत्रकातला माझा नंबर कुणीतरी कुठल्याशा ग्रुपवर टाकला होता. अनोळखी पुरुषांचे व्हिडिओ कॉल अजून येतात.

छपाईआधी मजकूर आप्पा वाचतात. त्यांना तो आवडला, पण नंबर नाही हे खटकलं. लोकांना जाब विचारा म्हणून सांगायचं आणि आपण सापडायचं नाही, हे त्यांना पटेना. मी त्या कॉलचं सांगितलं.

“आमचा नंबर सगळ्या जिल्ह्याकडं हुता,” ते म्हणाले. “चिकोडी, सदलगा, कुठनंबी फोन यायचा. कुणी वंगाळ बोललं न्हाय.”

आई सुपातल्या शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी कचेरीत असायचासा. फोन मी उचलायची.”

मग तिने सांगितलं. पत्रक वाटलं की पुढचे काही दिवस शिव्या यायच्या, जातीवरून आणि तिच्यावरून. ती रिसीव्हर काढून बाजूला ठेवायची आणि आप्पा यायच्या आत जागेवर. कचेरीतून घरी फोन लागत नाही म्हणून आप्पा एक्स्चेंजमध्ये तक्रार करून यायचे.

“मला सांगायचं न्हाय व्हय?”

“सांगितलं असतं तर तुमी लिवायचं सोडलं असतं.”

खासगीपणा ही माझ्या पिढीची मागणी, असं मी समजत होते. आईला तो तेव्हाही हवा होता. पण छापलेलं नाव आप्पांचं होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मीही, इतकी पत्रकं वाचून, कधी विचारलं नव्हतं.

आप्पांनी पेन घेतलं आणि माझ्या नावाखाली स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला.

“मला येऊ देत. मी आता घरातच असतोय.”

“वाजला की मला हाक मारू नगासा,” आई म्हणाली.

पत्रक वाटल्यावर पहिला फोन सांबऱ्याहून आला, आणखी प्रती हव्या होत्या. दुसरा शिव्यांचा. आप्पांनी तो शेवटपर्यंत ऐकला, कापला नाही. फोन खाली ठेवून त्यांनी आईकडे बघितलं. आईने फोडायच्या शेंगांचं सूप त्यांच्यापुढे सरकवलं.