एक्क्याऐंशीवं घर

आधी गुन्हा कबूल करते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी वसंता भाऊजींची बारा कोडी निळ्या शाईने भरून टाकली. सोडवली नाहीत, भरली. तीन आठवड्यांपूर्वी न्यूझीलंडहून त्यांच्या लेकीचा, मेधाचा, फोन आला, "मोठी आई, बाबा गेले..." आणि बाकी काही आठवायच्या आधी मला माझी ती शाईने माखलेली बोटं आठवली.

भाऊजी माझे धाकटे दीर. तिकडे दूध भुकटीच्या कारखान्यात नोकरीला, तेव्हा सुट्टीवर धुळ्याला आलेले. आकड्यांच्या कोड्याचं त्यांना वेड. नऊ बाय नऊची चौकट, थोड्या घरांत आकडे, बाकी घरं रिकामी. आडव्या-उभ्या प्रत्येक ओळीत एक ते नऊ एकेकदाच यायला हवेत. तिकडे त्यांच्या गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या साप्ताहिकाच्या संपादकाने बजावलं होतं, बारा नमुने पाठवा, आवडले तर छापू, पुन्हा संधी नाही. महिनाभर खपून भाऊजींनी ते बारा कागद काढले आणि पाकिटात घालायला माझ्या हाती दिले. मी जळगावची, रांगोळीत बक्षीस मिळवलेली, अकलेत मात्र... माहेरची शिकवण अशी की रांगोळीतलं एक घर कोरडं राहिलं तरी बायका नावं ठेवतात. मला वाटलं, भाऊजी घाईत विसरले. त्यांची लाज राखावी म्हणून जिथे जो शोभेल तो आकडा भरला. आठ मला वळणदार येतो, म्हणून आठ जरा जास्तच.

सकाळी पाकीट चिकटवण्याआधी त्यांनी कागद बाहेर काढले. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "बठ्ठा घरं भरी टाकात का व माय?" मी मान ताठ ठेवून म्हटलं, हो, सगळी भरली. भाऊजींनी बाराही कागद उलटून पाहिले. मग पट्टी मागितली आणि एकच वाक्य बोलले, ते शेवटी सांगते. परतीला चार दिवस उरले होते. त्या चार दिवसांत त्यांनी बाराही चौकटी नव्याने आखल्या आणि प्रत्येक मला सोडवायला लावली, पेन्सिलीने. मी अडले की एक आकडा वाढवून द्यायचे. "वहिनी अडली म्हणजे तिकडची म्हातारीपण अडेल," म्हणायचे. नवी नवरी होते मी, आणि म्हातारीच्या मापाला लावलं.

संपादकाने छापलं. मग दुसरी साप्ताहिकं आली, शाळा आल्या. तिकडची माणसं म्हणे बसथांब्यावर उभी राहून चौकटी भरायची. मेधा सांगते, लोक पत्रं लिहायचे, तुमचं पहिलं कोडं सुटतं म्हणून दुसऱ्याला हात घालतो. ते श्रेय माझ्या मठ्ठपणाचं, त्यात मी कुणाला वाटा देणार नाही.

दर दिवाळीला त्यांचं पाकीट यायचं. एकच चौकट, ऐंशी घरं भरलेली, एक रिकामं. मी त्यात मुद्दाम चुकीचा आकडा घालून परत पाठवायची, म्हणजे फोन यावा. यायचाच. "वहिनी, पुन्हा आठ?"

यंदाचं पाकीट मेधाला त्यांच्या टेबलावर मिळालं, माझा पत्ता घालून तयार. परवा आलं. चौकट मिसळणाच्या डब्याखाली ठेवली आहे, शेजारी पेन्सिल. या वेळी तिथे खरोखरच आठ येतो... पण भरवत नाही. पट्टी हातात घेऊन ते त्या सकाळी जे बोलले, तो मला तेव्हा टोमणा वाटला होता.

"वहिनी, एखादं घर रिकामं राहू दे. लोक येतीन तठे."