पाठकोरे कागद

पुसदला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गणिताचे एक सर यायचे. कॉलेजात तासिकेवर होते. वीज वाहून नेणारं मिठाचं पाणी चुंबकाजवळून जाताना कसं मंदावतं, त्याचं गणित ते बारा वर्षं मांडत होते. "वाहतं पाणी मागचं विसरत नाही भाऊ," म्हणायचे, "साधं कॅल्क्युलस पुरत नाही. मागचं ध्यानात ठेवणारं फ्रॅक्टल-फ्रॅक्शनलच लागते." त्या गणिताची प्रत्येक प्रिंट उजेडात धरून एकेक चिन्ह तपासायचे.

परवा त्यांनी त्या प्रिंटांचा सगळा गठ्ठाच काउंटरवर ठेवला. "चाचणीचे पेपर याच्या मागं काढा. पाठकोरे हायेत, वाया कायले घालवता?"

"अन् तुमचं गणित?"

"कोणी वाचलंच नाही."

मी गठ्ठा मशीनमध्ये घातला. पानं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं लावून आणली होती.