माटोळीखाली इंग्रजीचा तास

पेडण्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि एकाही विद्यार्थ्याला एकही शब्द धड कळला नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या भावाचा, भाईचा, खांदा आखडला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घड, चिबूड बांधायचे, ती माटोळी. हा मान दर वर्षी भाईचा. मी तो मोठ्या उदारपणाने माझ्याकडे घेतला! भाई रानातल्या केवणीच्या सालीचे दोर वापरतो. मी बाजारातून निळी नायलॉनची दोरी आणली. (विज्ञानयुग आहे!)

"अरे, ती निसटतली!" भाई खाटेवरून ओरडला.

"भाई, ह्या दोरीन ट्रक ओढतत!"

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आरतीला पाहुणे जमले आणि माझ्या कॉलेजातल्या पुतणीने विचारले, "काका, प्रिकेरियस म्हंजे काय?"

एवढे श्रोते आयते समोर! मी उभाच राहिलो. "डळमळीत. कधी कोसळेल नेम नाही असे. उदाहरणार्थ, सरकारची अवस्था प्रिकेरियस आहे. मूळ शब्द लॅटिन..."

"अहो, माटोळी हालता!" बायको म्हणाली.

"मधी बोलू नको, व्युत्पत्ती चल्ली आसा! तर मूळ अर्थ, विनवण्या करून मिळालेले, दुसऱ्याच्या मर्जीवर टिकलेले..."

एक चिबूड नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ताटात येऊन पडला. पाठोपाठ निळी गाठ सुटली आणि वीस नारळांसकट चौकटीचा कोपरा थेट गणपतीच्या सोंडेकडे झुकला! ऐन चवथीला मूर्ती भंगली असती, तर भाईला जन्मात तोंड दाखवता आले नसते. मी स्टुलावर उडी मारून दोन्ही हातांनी कोपरा धरला. स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे तेव्हा कळले.

"सोडू नको! शेजारसून दोर हाडतत!" भाई किंचाळला. दोन पोरे दोर आणायला पळाली.

भटजी मात्र शांत. "माजी आजून तीन घरां आसत. तुमी धरून रवा, मी आरती सुरू करतंय."

झाले! पाचही आरत्या, वर मंत्रपुष्पांजली. लोकांचा एक डोळा देवाकडे, दुसरा माझ्या काखेकडे. मी मात्र मनापासून विनवत होतो. देवा, नारळ सांभाळ, स्टूल सांभाळ, आणि या भटजीला जरा घाई दे!

"काका," खालून पुतणी म्हणाली, "अर्थ कळलो. व्युत्पत्तीसकट."

सगळ्या घराने माना डोलावल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच अख्ख्या वर्गाला शब्द कळला. फळा लागला नाही, खडू लागला नाही. फक्त मास्तर टांगावा लागला.