तालुक्यात प्रथमच बेसबॉल

आम्ही जुन्या पोरी वर्षाकाठी एकदा चौफुल्याला भेटतो. शिरूरच्या शिरूरहून येतात, दौंडच्या दौंडहून. मिसळ मागवायची, ती यायची, आणि पहिला घास घ्यायच्या आत कुणीतरी म्हणायचं, "ते आठवतंय का गं, सर कसे ओरडले होते?" झालं. मिसळ गार होते, आणि नवरे बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत राहतात.

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात. एक ओढायला जावी तर मागून दहा बाहेर पडतात. आमच्या सगळ्या पिशव्या एकाच दुकानाच्या आहेत. बेसबॉलच्या.

मोठ्या देशांत म्हणे व्यावसायिक बेसबॉलवाले सगळ्याची नोंद ठेवतात. पहिला अमुक कुणी केला, सगळ्यात जास्त तमुक कुणाच्या नावावर. आमच्याकडे हे खातं शितोळे सरांकडे होतं. सर शिरूरला आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. कुठल्याशा शिबिराला गेले, तिथं बेसबॉल बघून आले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, क्रिकेटच्या टीमा तालुक्यात गल्लोगल्ली आहेत, बेसबॉलची एकही नाही. आज सुरू केली तर संध्याकाळपर्यंत आपण पहिले.

सरांचा जीव खेळात कमी आणि 'तालुक्यात प्रथमच' या दोन शब्दांत जास्त होता. मुलींना टोप्या वाटल्या, तालुक्यात प्रथमच. टोप्या धुतल्यावर आटल्या, तेही प्रथमच असणार, पण ते सरांनी छापून आणलं नाही.

मी अश्विनी, निमोण्याची. मी कॅचर होते. म्हणजे पिचर चेंडू फेकते, समोरची बॅटनं मारायला बघते, आणि तिला तो लागला नाही तर तिच्या मागं उकिडवं बसून तो धरते, ती मी. आई म्हणायची, उकिडवं बसायला शाळेत कशाला जायला पाहिजे, भांडी इथं पडल्यात.

*

पहिला होम रन रेश्मानं मारला.

रेश्माचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. अंगानं दणकट पोर. तिचा सरावाचा पहिलाच दिवस होता. सरांनी घाईघाईत नियम सांगितले: चेंडू लांब गेला की पळायचं, एकेका बेसला, म्हणजे कोपऱ्यातल्या खुणेला, पाय लावत मैदानाला चक्कर मारायची आणि शेवटी होमला यायचं. होम म्हणजे जिथून बॅट फिरवली तीच जागा. सगळं सांगितलं, हे शेवटचं तेवढं सांगायचं राहिलं.

रेश्मानं बॅट फिरवली आणि चेंडू भिंतीपलीकडं गेला. आम्ही बघतच राहिलो. ती पण बघत राहिली. सर नाचत ओरडायला लागले, "पळ, होमला पळ, होम, होम!"

रेश्मा बॅट टाकून पळाली. पहिल्या बेसच्या बाजूनं गेली, तिथून तशीच फाटकातून बाहेर पडली. आम्हाला वाटलं चेंडू आणायला गेली. बराच वेळ झाला तरी येईना, तेव्हा सरांनी मला बघायला पाठवलं. रेश्मा घरात पोहे खात बसली होती. तिच्या आईनं मला विचारलं, "सरांनी हिला मधीच घरी का धाडलं गं? काय फोडलं का हिनं?"

रेश्मा आता दोन मुलांची आई आहे. मुलं मैदानातून वेळेवर घरी येत नाहीत अशी तिची तक्रार असते.

*

बेसबॉलमध्ये चोरी चालते. म्हणजे पिचरचं लक्ष नाही असं बघून एका बेसवरून पुढच्या बेसवर पळत सुटायचं. त्याला बेस चोरणं म्हणतात. हे आम्हाला कळलं होतं. शेजारच्या रानातल्या आबांना कळलं नव्हतं.

शाळेचं मैदान खोदून ठेवल्यामुळं आमचा सराव त्या वर्षी गावाबाहेर एका पडीक तुकड्यावर चालायचा. शेजारी आबांचा ऊस. त्या महिन्यात त्यांच्या विहिरीवरची मोटर कुणीतरी उचलून नेली होती, त्यामुळं त्यांचं डोकं आधीच फिरलेलं. एके दुपारी सरांचा आवाज आला, "चोर गं, चोर, आता चोर! दुसरा पण चोर!"

आबा उसातून काठी घेऊन आले. मागं दोन पोरगे, त्यांच्या मागं कुत्रं. समोर बघतात तर एक पोरगी जीव खाऊन पळतेय आणि बाकीच्या तिच्या मागं. आबांनी तिला आडवं होऊन धरलं. ती प्रज्ञा होती.

सरांनी हात जोडून सगळं समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या वक्ताला पोरांना चोरी करू नको म्हून शिकवायचे."

सरांनी आबांना टोपी दिली.

*

आता प्रज्ञाचं सांगायला पाहिजे. मूळची कोरेगाव भीमाची, शिरूरात मामाकडं राहायची. मामा नगरपरिषदेत कामाला. प्रज्ञा आमची पिचर, आणि बाकी आम्ही कशाही असलो तरी ती खरी होती. तिचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये बसला की तळहात रात्रीपर्यंत चुरचुरायचा. जेवताना मी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलत नसे.

दौंडची टीम आमच्याकडं खेळायला आली तेव्हा तिनं एकाही पोरीला चेंडू मारू दिला नाही. सगळ्या डावात एकही नाही. याला नो-हिटर म्हणतात. मोठमोठ्या पिचरांना जन्मात जमत नाही असं सरच म्हणाले होते. चेंडू हुकला की एक स्ट्राइक, तीन स्ट्राइकला बॅटवाली बाद, आणि त्या दिवशी त्या मोजायला सरच उभे होते. दौंडची कॅप्टन शबाना, तिचे वडील रेल्वेत होते, ती मॅच संपल्यावर प्रज्ञाकडं आली आणि तिचा उजवा हात उलटा करून बघत राहिली, आत काही बसवलंय का म्हणून.

सरांनी गावच्या वार्ताहराला फोन लावला. वार्ताहर लग्नात होता, मागं बँड वाजत होता. सर ओरडून सांगत होते, नो हिट, एकीला पण हिट नाही, तालुक्यात प्रथमच.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. 'शिरूर येथे मुलींचा बेसबॉल सामना शांततेत पार. तालुक्यात प्रथमच एकाही मुलीला मार लागला नाही.'

प्रज्ञाच्या मामांनी ते कात्रण घरात लावलं. आमची पोरगी कुणाला मारत नाही, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

*

त्यानंतर दौंडला कपची फायनल झाली. प्रमुख पाहुणे होते भाऊसाहेब. भाऊसाहेबांकडं पद कुठलं होतं हे कुणाला नीट सांगता येत नसे, पण त्यांच्या नावाशिवाय पत्रिका छापली जात नसे. ते सकाळी येणार होते. आम्ही वाट बघितली, मग उन्हं चढली म्हणून खेळून घेतलं. जिंकलो आम्ही. रेश्मा सगळ्या बेसना पाय लावून व्यवस्थित होमला आली, म्हणून जिंकलो. एकमेकींच्या गळ्यात पडून झालं, सरांचे डोळे पुसून झाले, दौंडच्या पोरींनी येऊन हात मिळवले.

आणि भाऊसाहेबांच्या गाड्या आल्या.

संयोजकांची धावपळ उडाली. साहेब आले आणि खेळ संपलेला, हे कसं दिसणार? मग ठरलं की शेवटचा डाव परत खेळायचा. साहेबांपुरता. सर प्रज्ञाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की साहेबांना जरा खेळ दिसला पाहिजे, सगळ्याच चुकायला लागल्या तर त्यांना वाटेल काही चाललंच नाही, तेव्हा एखादा हळू टाक.

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. आम्ही जिंकलेलो होतो, म्हटलं काय फरक पडतो.

तिनं हळू टाकला. शबानानं तो रेल्वेच्या कंपाउंडापलीकडं घालवला. पुढच्या पोरी बेसवर होत्याच, त्या पण आल्या. टाळ्या वाजल्या. भाऊसाहेब खुर्चीतून उठले, माइक घेतला, असा चुरशीचा सामना आपण आयुष्यात पाहिला नाही असं म्हणाले आणि कप उचलून शबानाच्या हातात दिला.

शबाना म्हणत होती, साहेब, आमचा नाही. संयोजक म्हणत होते, फोटो, फोटो. आम्ही सरांकडं बघत होतो. सर टाळ्या वाजवत होते.

चौफुल्याला शबाना अजून सांगते, "तो कप आमच्या टीव्हीवर हाय. पर मी त्याचं तोंड भिंतीकडं केलंय."

*

हा पुढचा किस्सा सांगताना कुणी हसत नाही, पण तो वगळला तर बाकीचे सांगून उपयोग नाही.

राज्याच्या टीमसाठी आमच्या भागातून एक पिचर घ्यायची होती. प्रज्ञाला घेतली नाही. कारण असं दिलं की फायनलमध्ये तिनं मार खाल्ला, प्रमुख पाहुण्यांच्या समोर. घेतली ती भाऊसाहेबांची पुतणी. सरावाला एकदाच आली होती. गॉगल होता. ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा हे तिनं मला विचारलं होतं, आणि विचारताना गोड हसली होती. तिचा काही दोष नाही. काकांनी सांगितलं, ती गाडीत बसली. तालुक्यातली राज्य पातळीवरची पहिली बेसबॉल खेळाडू म्हणून तिचा चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर तिच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट होती.

प्रज्ञा सरांना भेटायला गेली, सोबत मी. सर बराच वेळ खेळभावनेवर बोलले. मग म्हणाले, "तू कशाला वाईट वाटून घेतेस? तुला काय, नोकरी कोट्यातून मिळंल की."

प्रज्ञा म्हणाली, "सर, त्या नो-हिटरमधल्या स्ट्राइक पण कोट्यातूनच धरल्या होत्या का तुम्ही?"

तिनं ग्लोव्ह त्यांच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. त्यानंतर तिनं चेंडू हातात घेतला नाही. रस्त्यात पोरांचा टेनिस बॉल पायाशी आला तरी ती पायानंच ढकलायची. मी एकदोनदा विषय काढला. ती म्हणाली, माझा हात दुखतो.

*

पुढं आम्ही दोघी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागलो, पॅकिंगच्या लाइनवर. वरचे साहेब जपानी. त्यांचं आडनाव मोरी. मराठी माणसाला हे आडनाव गंभीर चेहऱ्यानं घेता येत नाही, म्हणून एचआरनं तोंडी सूचना काढली होती की साहेबांना फक्त सर म्हणायचं.

कंपनीचा स्पोर्ट्स डे होता. पुरुषांना क्रिकेट, लेडीजना लिंबू-चमचा. आम्ही ओळीत उभ्या होतो. तेवढ्यात मोरी सर एक लांब बॅग घेऊन आले आणि आतून बॅट काढली. बेसबॉलची. पाठोपाठ दोन ग्लोव्ह, एक पांढरा चेंडू. मी शेजारी बघितलं. प्रज्ञाच्या तोंडात चमचा होता, तिनं काही म्हणायचा प्रश्न नव्हता.

मोरी सर खुणेनं सांगत होते की कुणीतरी चेंडू टाका. मेंटेनन्सच्या एकानं लांबून धावत येऊन टप्पा टाकला, तो सरांच्या गुडघ्याला लागला. दुसऱ्याचा डोक्यावरून गेला. सर प्रत्येकाला हसून मान लववत होते, पण हळूहळू बॅट खाली येत चालली होती. एचआरवाल्यांनी माइकवर सांगितलं की सर मजा करत आहेत, टाळ्या वाजवा.

प्रज्ञानं तोंडातला चमचा काढला आणि लिंबासकट माझ्या हातात दिला. ॲप्रन सोडला. पुढं जाऊन चेंडू उचलला. एचआरवाले म्हणाले, मॅडम, तुमची लिंबू-चमचाची रांग तिकडं आहे. तिनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तिची बोटं चेंडूच्या शिवणीवर फिरत होती.

ती बोटं मोरी सरांनी बघितली. त्यांनी दोन्ही ग्लोव्ह उचलून तिच्याकडं टाकले. एक तिनं घातला, दुसरा माझ्याकडं फेकला. मी लिंबू खिशात घातलं आणि सरांच्या मागं उकिडवी बसले.

पहिल्या चेंडूला सर हसत होते. त्यांची बॅट फिरायच्या आत तो माझ्या ग्लोव्हमध्ये होता. तळहात पेटला. मला रडूच आलं, हाताचं कमी आणि बाकीचं जास्त.

दुसऱ्याला सर हसत नव्हते. त्यांनी पायानं माती सारखी केली, नीट उभे राहिले, डोळे बारीक केले. बॅट वाऱ्यातून गेली.

तिसरा तिनं तो टाकला, जो ती फक्त शबानाला टाकायची. सरळ येतोय असं वाटायचं आणि शेवटी खाली बसायचा. सरांनी सगळा जीव लावून बॅट फिरवली आणि स्वतःच अर्धे फिरले. चेंडू माझ्याकडं होता.

क्रिकेट थांबलं होतं. स्पीकरवरचं गाणं कुणीतरी बंद केलं. एचआरवाल्यांच्या हातातला माइक तसाच तोंडासमोर होता, त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मोरी सरांनी बॅट जमिनीवर आडवी ठेवली. डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हात बाजूला सरळ केले आणि प्रज्ञाकडं तोंड करून कमरेत वाकले, पार खाली, आणि तसेच राहिले.

प्रज्ञानं आधी मागं वळून बघितलं, तिथं दुसरं कुणी उभं आहे का.

कँटीनचे तुकाराममामा चहाची किटली घेऊन माझ्या शेजारी येऊन थांबले होते. त्यांनी साहेबांकडं बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाले, "हरला तरी वाकतोय. चांगल्या घरातला दिसतोय."