जाहिरातीतली पोर आणि माझी पोर

माझी मुलगी आठवीत गेली तेव्हापासून दर महिन्याला तिची चार दिवस शाळा बुडायची. गणिताच्या बाईंनी मला भेटायला बोलावलं. मी गेले आणि मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी कारण विचारलं, मला ते तोंडातून काढता येईना. बाईंना कळलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "हुशार आहे हो ती. अशानं मागं पडेल." परत येताना मी मनाशी पक्कं केलं, हे चार दिवस आता बुडू द्यायचे नाहीत. माझी शाळा चौथीला सुटली, कारण पुढचे वर्ग आमच्या गावात नव्हतेच. हिची शाळा तर चालत जाण्याच्या अंतरावर होती.

घरात पॅड नव्हते असं नाही. त्यांची ओळख मला टीव्हीनं करून दिली, तीही चुकून. लग्न होऊन इथं आले तेव्हा टीव्ही शेजारच्या घरी होता. मालिकेच्या मध्ये एक जाहिरात लागायची. एक पोरगी पांढरीशुभ्र पँट घालून उड्या मारायची, मग कुणीतरी पांढऱ्या घडीवर निळं पाणी ओतायचं. ती लागली की शेजारीण उठून आवाज बंद करायची, त्यामुळं शब्द कधी कानावर पडले नाहीत. निळं पाणी आणि पांढरे कपडे बघून मला वाटलं, बाजारात नवी नीळ आली. सासऱ्यांची धोतरं मी धुवायचे, ती पिवळी पडत चालली होती. नेरे गावच्या बाजारात एका दुकानात गेले, पुडक्यावरची पोरगी ओळखली आणि बोट दाखवलं. म्हाताऱ्या दुकानदारानं माझ्याकडं न बघता पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी चढवली. निळीला एवढं झाकायचं कशाला, हा विचार मी वाटभर करत होते. घरी उघडलं तेव्हा मोठी जाऊ तोंडाला पदर लावून खाली बसली.

"लाव आता मामंजींच्या धोतराला," ती म्हणाली.

हसून झाल्यावर पुडक्यावरची चित्रं बघून वापरायचं कसं ते तिनंच मला सांगितलं.

पुढं जाहिराती बदलत गेल्या. त्यातली पोरगी परीक्षेला जाऊ लागली, शर्यत जिंकू लागली, स्कूटर चालवू लागली. आधी आडून आडून बोलायचे, मग सरळ पाळी म्हणू लागले. आता मोबाइलवर निळ्याच्या जागी लालसुद्धा दाखवतात. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी इकडंतिकडं बघितलं, पण मला बरं वाटलं.

मुलीच्या शाळेतही एका कंपनीच्या दोन बाया आल्या. मुलांना मैदानावर पाठवून त्यांनी मुलींना एकेक पुडकं आणि चित्रांचं पुस्तक दिलं. बारीक अक्षर मला जड जातं, म्हणून पोरीनंच ते वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर पाठीला दप्तर लावून हसत निघालेली मुलगी होती.

"हिला कुणी अडवत न्हाई वाटतं," पोर म्हणाली.

माझ्या पोरीला अडवायच्या त्या माझ्या सासूबाई. शाळेचा रस्ता देवळासमोरून जातो. पूर्वी बांधावरून मागची वाट होती. जमिनी विकल्या, तिथं सोसायटीची भिंत आली आणि ती वाट गेली. तेव्हापासून चार दिवस शाळाच नको, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या वाईट नव्हत्या. पोरीच्या पोटात दुखलं की स्वतः ओवा भाजून द्यायच्या, पण वरून टाकायच्या, हाताला हात लागू द्यायच्या नाहीत.

पुढच्या महिन्यात गणिताचा पेपर नेमका तिच्या दुसऱ्या दिवशी आला. ती मागच्या पडवीत चटईवर पुस्तक घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "ऊठ, ड्रेस घाल."

सासूबाई दारात होत्या. "कुटं निगाली?"

"शाळेत. पेपर हाय तिचा."

"देवळावरनं नेनार तिला?"

"दुसरी वाट कुटं ऱ्हायलीय, आत्या? बांध आपुनच इकला."

"टीव्हीतल्या पोरी बघून डोकं फिरलंय तुजं."

"आसंल. पर ती पेपरला जानार."

मी पोरीचा हात धरला तो सोडला नाही. देवळापाशी तिनं मान खाली घातली, तेव्हा म्हटलं, "वर बघून चाल." शाळेच्या फाटकाशी तिनं हात सोडवून घेतला. "आई, आता जा. मुली बघतायत."

परत येताना देवळाच्या पारावर तिघीजणी बसल्या होत्या. गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली होती. त्यातली एक म्हणाली, "पोरीला हितनंच घेऊन गेलीस म्हनं. तिचे दिवस हायेत ना?"

असं कुणी विचारलं की मी आजवर पदर ओढून निघून जायचे. त्या दिवशी थांबले.

"व्हय," मी म्हणाले. "आन् उद्या बी जानार हाय."

मी घरी येऊन भाकरी थापायला बसले.

दुसऱ्या दिवशी पोर एकटीच निघाली. सासूबाई दारातच बसल्या होत्या. शिवाशिव नको म्हणून त्यांनी पाय आवरून घेतले, आणि ती बाहेर पडली.