इनेसच्या अल्बममध्ये नसलेली पेटी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा कधी शब्दांत मांडलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — कारण त्या अल्बमनं माझं डोकं उठवलंय.

कुठेही जा, तोच! दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसले, तर तो. सुपरमार्केटात कोथिंबीर शोधतेय, तर तो. आयर्लंडातल्या या गॉलवेभर लोकांना दुसरा उद्योग नाही का? स्पेनहून आलेली मुलगी, पहिलाच अल्बम, आणि काय डोक्यावर घेतलाय सगळ्यांनी! चांगला आहे हो, नाही कशाला म्हणू? सातवं गाणं सोडून सगळा चांगला आहे. सातव्यात अकॉर्डियन आहे. तिथे पेटी हवी होती.

मधुराची पेटी. मधुरा माझी धाकटी जाऊ, नागपूरची. इंग्रजीला बिचकते, पण पेटीवर बोटं ठेवली की ऐकत राहावं. दर गुरुवारी ती पेटी घेऊन आमच्याकडे यायची, माझ्या नाट्यपदांच्या सरावाला. इनेस तेव्हा आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. आधी जिन्यात बसून ऐकायची, मग सतरंजीवर, मग गिटार घेऊन. चार महिने त्या दोघी वाजवत होत्या, आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत. माझं गाणं? ते राहायचं बाजूला. लागलं मला. लागणार नाही का?

एक दिवस इनेसनं मला स्वयंपाकघरात गाठलं. स्टुडिओ मिळालाय, एकच शनिवार, सातव्या गाण्याला मधुरा हवीच — तूच विचार ना, तू तिला नीट सांगशील.

नेमका तोच शनिवार आमच्या मंडळाच्या गणपतीचा. इथे कार्यक्रम हॉल मिळेल त्या दिवशी होतो, पंचांग कोण बघतंय! मला दोन पदं गायची होती, पैठणीला इस्त्री करून ठेवली होती, आणि मधुराशिवाय साथीला होतं कोण? मोबाइलवर ट्रॅक लावून गायचं? मी?

दोन दिवस मी गप्प बसले. मधुराला विचारलंच नाही. आणि मग — बोलतेच आता एकदाचं — इनेसला सांगितलं, की तिला खूप आवडलं असतं गं, पण आमच्या घरात सुनांनी असं बाहेर जाऊन वाजवलेलं चालत नाही. तिच्याकडे विषय काढू नकोस, बिचारी अवघडेल.

आमच्या घरात! अहो, माझ्या सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले असते. इनेसच्या डोळ्यांत पाणी आलं. 'ग्रँड, ग्रँड,' म्हणाली — म्हणजे ठीक आहे, इथल्यांचा शब्द उचलला होता तिनं — आणि माझा हात दाबला. तिला वाटलं, मी मधुराला सांभाळून घेतेय.

मी गायले. टाळ्या पडल्या. इनेस महिन्याभरात डब्लिनला गेली.

मधुरानं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं माझ्याच गाडीत. तिनंच बसवलेली जागा, आणि वाजवतंय कोण, तर कुणीतरी तिसराच! ती पुढच्या गुरुवारी आली नाही. मग पाठ दुखते, मग मुलाचं पोहणं — आता तर पेटी माळ्यावर टाकलीय म्हणे. तीन वर्षांची असल्यापासून वाजवणारी बाई ती!

गेल्या रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मान वर न करता तिनं विचारलं, "ताई, खरं सांगा, माझा हात कच्चा आहे का? म्हणूनच नाही ना घेतलं तिनं मला?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला — मग का नाही घेतलं?

मी म्हटलं, "थोडासा आहे गं."

"बरं झालं," ती म्हणाली, "तुम्ही तरी खरं बोललात."