बंद घरांची मोजणी

गावाच्या पाणी आराखड्यात तुम्हा दोघांची आणि तुमच्या आईबाबांची नावं होती. ती मी कमी केली आहेत. तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, त्यात काय, कर की कमी." तरी तुम्हाला सगळं क्रमाने सांगते, कारण नावं मीच घातली होती आणि त्याच मोजणीत माझ्या हातून वरच्या वाडीचं पाणी जाणार होतं.

योजना अशी आहे. आपलं गाव आणि शेजारची चार गावं मिळून वडिवळ्याच्या धरणाखाली एकच विहीर घेणार. तिथलं पाणी शुद्ध करून एका मोठ्या टाकीत चढवायचं आणि टाकीतून पाचही गावांना द्यायचं. आजवर ज्याची त्याची योजना वेगळी होती आणि कुठलीच वर्षभर धड चालत नव्हती. आता प्रत्येक गावाने आपली माणसं मोजून द्यायची. त्या संख्येवर गावाचा वाटा ठरणार, आणि वाट्यावरून पाइप कुठपर्यंत न्यायचा ते ठरणार.

मोजणीचं काम घेऊन सरपंच आपल्या घरी आले. गावात मला सगळे बाई म्हणतात, मी तळेगावला शाळेत इंग्रजी शिकवत होते म्हणून.

"बाई, मोजनी तुमी करा. आमच्या मान्सास्नी फारम दिलं तर त्येच्यावर च्याचे डाग पडून येत्यात."

"भाऊ, मला आता चढण जमत नाही."

"वाडीच्या अर्ध्यापत्तुर गाडी जाती की. आन् तुमाला बी जरा..." एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला.

तुमचे आजोबा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तुम्ही सगळे येऊन, दिवस करून परत गेला होता. मला वाईट वाटत होतं का, ते सांगता येत नाही. सकाळी उठत होते, दोन पोळ्या करत होते, एक खात होते. दुपारी खुर्चीत बसलं की चार वाजेपर्यंत उठायचं काही कारण नसायचं. फॉर्म भरणं जमेल असं वाटलं. मी हो म्हटलं.

फॉर्म सोपा होता. कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसांची नावं, वयं, आणि शेवटचा रकाना, 'वास्तव्य आहे का'. खाली सूचना होती : घर बंद असल्यास दोनदा जावे, तरीही माहिती न मिळाल्यास 'वास्तव्य नाही' असे लिहावे. मी प्रत्येक फॉर्मला क्रमांक घातला, घरपट्टीच्या यादीप्रमाणे लावून घेतले आणि पौषात सुरुवात केली.

गावठाणातली घरं चार दिवसांत झाली. मग धरणाच्या रस्त्यावरचे बंगले घेतले. लोणावळ्यात जागा उरली नाही तेव्हापासून बंगले आपल्या बाजूला सरकत आलेत. तुम्ही लहान होता तेव्हा भातखाचरं होती, तिथे आता कंपाउंडच्या भिंती आहेत. पहिल्या बंगल्याचं मोठं गेट बंद होतं, पण बाजूच्या छोट्या दारातून वॉचमन बाहेर आला.

"किती माणसं राहता?"

"म्या, बायको आन् दोन लेकरं."

"आणि मालक?"

"त्येंची पाच. शनवार-रविवारी येत्यात. कवा येत्यात, कवा न्हाई बी येत."

मी नऊ लिहिले. मालकाच्या नावाने घरपट्टी होती आणि विचारल्यावर कुणीतरी उत्तर दिलं होतं. फॉर्म पुरा झाला. बाकीच्या बंगल्यांतही तसंच केलं. एका ठिकाणी वॉचमनला मालकांच्या नातवंडांची नावंसुद्धा पाठ होती.

आपल्या घराचा फॉर्म मी घरी आल्यावर, जेवणाच्या टेबलावर भरला. कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव. मग तुमच्या बाबाचं, आईचं, तुम्हा दोघांचं. तुमची वयं बोटांवर मोजावी लागली. आजोबांचं नाव लिहिलं नाही, तेवढं भान होतं. 'वास्तव्य आहे का' ह्यापुढे 'होय' लिहिलं. माडीवर तुमच्या गाद्या आहेत, कपाटात तुमचे रेनकोट आहेत. मला ते खोटं वाटलं नाही.

सगळ्यात शेवटी वरची वाडी. ती कातकऱ्यांची वाडी आहे, गावच्या वरच्या अंगाला, झाडीत. दिवाळी झाली की वाडीतली बहुतेक सगळी माणसं वीटभट्टीवर कामाला जातात, लेकराबाळांसकट, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. हे मला ठाऊक होतं. आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी गेले तेव्हा घरांना कुलपं होती, काहींच्या दारांना नुसती काठी आडवी लावलेली. एका घरापुढे म्हातारी शेंगा निवडत बसली होती. ती रानभाजी घेऊन आपल्याकडे येते. धाकटे, तुझ्या लहानपणी तिने तुला खेकडा दाखवला होता आणि तू रडली होतीस, ती.

"बाई, आज हिकडं कुटं?"

"माणसं मोजायला. पाण्याच्या योजनेसाठी."

"आता मोजताय?" ती हसली. "आता समदी भट्टीवर गेल्यात. म्या आन् त्यो आंधळा म्हातारा, दोगंच हाय. पावसात या की. तवा मोजा, पोरंबिरं समदी घावत्याल."

"मावशी, आज जे आहेत तेच लिहायचं असतं."

"मंग लिवा. च्या घेता का?"

तिने कोरा चहा केला. मी तो घेतला. त्यासाठीचं पाणी तिने खालच्या झऱ्यावरून आणलेलं होतं. झरा वाडीच्या बराच खाली आहे आणि फाल्गुनापर्यंत आटतो. मग म्हातारी, आणि भट्टीवरून परतल्यावर बाकीच्या बायकाही, गावातल्या विहिरीवर येतात आणि सगळ्यांचं भरून होईपर्यंत कडेला थांबतात. नळ आला तर त्यांचं थांबणं संपणार होतं. चहा पिताना मी यातलं काहीही मनात आणलं नाही. दोन फॉर्म भरले. दोन दिवसांनी, सूचनेप्रमाणे, पुन्हा गेले. कुलपं तशीच होती. बाकीच्या फॉर्मांवर 'वास्तव्य नाही' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

मे महिन्यात ग्रामसभेत नकाशा लावला. पाचही गावांचे आकडे जमा झाले होते, बेरजेवर सह्या झाल्या होत्या. तळेगावकडचा एक तरुण इंजिनिअर काठीने दाखवत होता. निळी रेघ टाकीपासून गावठाणात, शाळेपाशी, मग बंगल्यांच्या रस्त्याने पार शेवटपर्यंत. वरच्या वाडीकडे रेघ नव्हती.

म्हातारी मागे दाराशी उभी होती. तिने विचारलं, "आमची वाडी कुटंशी हाय ह्याच्यात?"

"मावशी, तिथे दोनच माणसांचं वास्तव्य आहे," इंजिनिअर म्हणाला. "दोन माणसांसाठी एवढी लाइन चढवता येत नाही. सर्व्हेत तसं आलंय."

मागून कुणीतरी ओरडलं, "आन् बंगल्यात किती हायेत? कुत्री बी मोजली का?"

लोक हसले. सरपंच म्हणाले, "गप रं. घरपट्टी भरत्यात ती."

"भरत्यात तर भरत्यात. ऱ्हात्यात कवा?"

म्हातारी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "बाई आल्या व्हत्या मोजायला," ती म्हणाली. "माज्या घरी च्या पिल्या. म्या सांगितलं व्हतं, पावसात या म्हून."

सगळे माझ्याकडे वळले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला नकाशातली निळी रेघ दिसत होती आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सरपंचांनी मला सांभाळून घेतलं. "बाईंनी नियमानं केलंय," असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. म्हातारी निघून गेली. मी घरी आले, वरणभात केला, जेवले.

मला रात्रंदिवस टोचणी लागली वगैरे काही झालं नाही. ते तसं झालं असतं तर तुम्हाला सांगायला बरं होतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्याकडच्या फॉर्मांच्या प्रती काढून पुन्हा लावायला घेतल्या, इतकंच. वाडीचे फॉर्म एका बाजूला ठेवले आणि बंगल्यांचे दुसऱ्या. आपल्या घराचा फॉर्म कुठल्या बाजूला ठेवायचा ते कळेना. वाडीतली माणसं दरवर्षी चार-पाच महिने इथे असतात. तुम्ही दोन वर्षांतून एकदा, तीन आठवडे. वाडीच्या बंद दारावर मी 'नाही' लिहिलं होतं आणि तुमच्या बंद खोलीवर 'होय'. कागद समोर होते, त्यात चूक शोधायला फार हुशारी लागत नव्हती.

इंजिनिअरला फोन केला.

"मॅडम, बेरीज आता वाढवता येणार नाही," तो म्हणाला. "एका गावाने आकडा वाढवला की बाकी चौघे वाढवायला बसतील. टाकीचं माप त्यावर ठरलंय. तुमच्या गावातल्या गावात कमीजास्त केलंत आणि बेरीज तीच ठेवलीत तर बघता येईल. पण कमी कुणाला करणार?"

"ते मी बघते," असं मी म्हटलं.

आषाढात छत्री आणि रबरी बूट घेऊन पुन्हा वर गेले. वाडी भरलेली होती. चुलींचा धूर, ओट्यावर लेकरं, दोरीवर ओले कपडे. पत्र्यावरून धो धो पाणी पडत होतं आणि त्याच्याखाली हंडे लावलेले होते. एक तरणी बाई दुसरीला म्हणाली, "ह्या आल्या बग पानी द्यायला. आता पान्यातच बसलोय की!" सगळ्याजणी हसल्या. म्हातारी म्हणाली, "हसू नगा गं, नावं सांगा." मी नावं लिहिली. काही लेकरांना जन्मतारीख नव्हती, तिथे 'भातलावणीच्या वेळचा' असं आईने सांगितलं तसं लिहिलं.

आता तेवढीच माणसं दुसरीकडून कमी करायची होती. पहिला फॉर्म आपला घेतला. तुमच्या चौघांच्या नावांवर पट्टीने रेघ ओढली आणि बाजूला सही केली. मग बंगल्यांकडे वळले. वॉचमनची कुटुंबं तशीच ठेवली आणि मालकांची नावं काढायची म्हणून प्रत्येकाला फोन करून सांगितलं. बरेचजण म्हणाले, आमची बोअर आहे, आम्हाला फरक पडत नाही. एक गृहस्थ मात्र चिडले.

"आंटी, आम्ही टॅक्स भरतो."

"हो. पण राहत नाही."

"तुमचा मुलगा तरी कुठे राहतो तिथे?"

"नाही राहत. म्हणून त्यांची चार नावं सर्वांत आधी काढली."

आठवड्याभराने त्यांचं संमतीपत्र आलं.

पाच गावांची बैठक झाली तिथे मी सरपंचांबरोबर गेले. मला वाटलं होतं खूप बोलावं लागेल, टिपणं काढून नेली होती. शेजारच्या गावचे सरपंच, आबा, यांनी एवढंच विचारलं, "बेरीज तीच हाय न्हवं? मंग आमचं काय जातंय? द्या वाडीला." इंजिनिअरने अडचण सांगितली की वाडी उंचावर आहे, टाकीतून पाणी आपसूक तिथे चढणार नाही. वाडीच्या पायथ्याला एक लहान टाकी आणि पंप बसवावा लागेल, आणि त्याच्याही वर जी घरं आहेत त्यांना नळ दारात मिळणार नाही, चार पावलं उतरावं लागेल. म्हातारीचं घर सगळ्यात वर आहे. हे तिला मी बैठकीहून येतानाच जाऊन सांगितलं.

"उतरंन की," ती म्हणाली. "आता कुटवर उतरतीया ते बगा."

सुधारलेली यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली. हे वाचन मीच केलं, कारण मागच्या वेळी मी गप्प बसले होते. आधी सांगितलं, की पौषात मी मोजलं ते चुकीचं होतं आणि ती चूक फॉर्मची नाही, माझी. सरपंच खाली बघत होते. मग वाडीची घरं एकेक करून वाचली. आपलं नाव आलं की वाडीतला जो तो "हाय" म्हणत होता, शाळेत म्हणतात तसं. आपलं घर आलं तेव्हा मी माझं नाव वाचलं आणि पुढे 'व्यक्ती एक'.

"एकच?" म्हातारी मागून म्हणाली. "लेक-सून लिवा की, येत्यात ती."

"एकच," मी म्हटलं, आणि पुढचं घर वाचलं.

आता मार्गशीर्ष लागलाय. खोदाई बंगल्यांच्या रस्त्याच्या वळणापर्यंत आली आहे, तिथून एक फाटा वाडीकडे वळवायचा आहे. पाइप रस्त्याच्या कडेला पडून आहेत. वाडीतली माणसं पुन्हा भट्टीवर गेलीत, दारांना पुन्हा कुलपं आहेत. काल मी वर गेले होते. म्हातारी उन्हात बसली होती. तिने विचारलं, "बाई, भट्टीवरली समदी येस्तवर येईल का वो पानी?"

येईल, असं मला म्हणता आलं नाही. कागदावर आहे, असं सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि हंडा घेऊन झऱ्याकडे उतरायला लागली. मी तिच्याबरोबर अर्ध्यापर्यंत उतरले. तिथून पुढे मला उतरवत नाही.